मदत हवी आहे: बारोलो वाइन घेऊन लंडनला जायचंय

नमस्कार मंडळी. मी इटलीत आल्बाजवळच्या एका लहान वायनरीत काम करते. आमचे मालक पुढच्या महिन्यात लंडनला आयातदारांच्या टेस्टिंगला निघालेत, दुभाषी म्हणून मी सोबत. त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही आणि एका पाहुण्याला जेमतेम दोन मिनिटं मिळणार.

बारोलो ही नेब्बिओलो नावाच्या द्राक्षाची रेड वाइन. किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडी पिंपात, हा नियमच आहे. रंग फिका, म्हणून लोक हलकी समजतात. घोट घेतला की जांभळं खाल्ल्यासारखी जीभ आवळते. मांस, चीज सोबत असलं की हीच वाइन काय खुलते! पण टेबलावर बहुधा फक्त पाव असतो.

लंडनच्या वाइन धंद्यातलं कुणी आहे का इथे? बाटल्या किती तास आधी उघडाव्यात? आधी त्याच द्राक्षाची साधी वाइन, लांगे नेब्बिओलो, द्यावी का? ५० मिलीच्या हिशेबाने ७५० मिलीच्या बाटलीत १५ जण होतात, म्हणून १२ बाटल्या धरल्यात. आणि ब्रेक्झिटनंतर नमुन्यांच्या बाटल्यांना कस्टमची कोणती कागदपत्रं लागतात? हे सगळ्यात तातडीचं आहे. चार पिढ्यांची मेहनत आहे त्यांची, माझ्या बोलण्यात कमी पडायला नको.