फेलटूबॅन म्हणतो 'बॅन केला', तरी तोच आयपी एनजिनएक्सवर येतोच आहे

खिडकी_४४३
डेबियन १२. फेलटूबॅन (लॉग वाचून मारा करणारे आयपी फायरवॉलने अडवणारा प्रोग्राम) होस्टवर. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) डॉकरच्या कंटेनरमध्ये, होस्टचा पोर्ट ४४३ कंटेनरच्या ८४४३ वर. लॉग होस्टवर माउंट केलाय. वर्डप्रेसच्या लॉगिनवर मारा करणारे आयपी जेलच्या (फेलटूबॅनमधला एका सेवेपुरता नियमसंच) स्टेटसमध्ये बॅन दिसतात, पण ॲक्सेस लॉगमध्ये त्यांच्या ओळी थांबत नाहीत. फेलटूबॅनच्या लॉगमध्ये 'ऑलरेडी बॅन्ड'चा पाऊस. एसएसएचचं जेल चोख चालतं. बॅनॲक्शन (बॅन लावायची पद्धत) आयपीटेबल्स-मल्टिपोर्ट, म्हणजे ठरावीक पोर्टांपुरता.

साखळीवाला
एसएसएच होस्टवर आहे, म्हणून चालतंय. त्याची पॅकेटं इनपुट चेनमधून (आयपीटेबल्स या फायरवॉलची, होस्टसाठी आलेल्या पॅकेटांची नियमयादी) जातात आणि फेलटूबॅन नियम तिथेच टाकतो. डॉकरने उघडलेल्या पोर्टचं पॅकेट प्रीराउटिंगमध्येच कंटेनरकडे वळतं, मग फॉरवर्डमधून जातं. इनपुट त्याला लागतच नाही. आयपीटेबल्समध्ये त्या जेलची 'एफटूबी-' चेन काउंटरसकट बघा, ड्रॉप किंवा रिजेक्टपुढे शून्य पॅकेट दिसतील.

जेल.लोकलमध्ये (जेल.कॉन्फला हात लावू नका, अपडेटमध्ये बदल पुसले जातील) फक्त त्या जेलखाली चेन = डॉकर-यूजर (फॉरवर्डच्या वाटेवर आपले नियम टाकायला डॉकरने ठेवलेली चेन), इंग्रजी मोठ्या लिपीत. पण तेवढ्याने भागणार नाही. फॉरवर्डपर्यंत येताना पोर्ट ८४४३ झालेला असतो, आणि मल्टिपोर्टचा नियम ८०, ४४३ शोधत बसतो. बॅनॲक्शन आयपीटेबल्स-ऑलपोर्ट्स करा, म्हणजे पोर्ट न बघता बॅन.

रातपाळी
रीबूटनंतरही तपासा. फेलटूबॅन डॉकरच्या आधी उठला तर डॉकर-यूजर चेन नसतेच, आणि जुने बॅन परत लावताना एरर येते. सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणारी यंत्रणा) फेलटूबॅनसाठीच्या ओव्हरराइडमध्ये आफ्टर = डॉकर.सर्व्हिस द्या.

एरर लॉगवरही जेल असेल तर वेळ बघा. कंटेनर यूटीसीत, होस्ट भारतीय वेळेत, आणि एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये टाइमझोन छापलेला नसतो. प्रत्येक ओळ साडेपाच तास शिळी दिसते. त्या जेलला लॉगटाइमझोन = यूटीसी.

खिडकी_४४३
चेन आणि ऑलपोर्ट्स दोन्ही बदलून रीस्टार्ट केलं. काउंटर वाढतोय, लॉग शांत. आता बॅनटाइम उणे एक, म्हणजे कायमचा करू का?

साखळीवाला
नको. मोबाईल नेटवर्कवर एका आयपीव्ही४ मागे शेकडो गिऱ्हाइकं असू शकतात, एका बॉटपायी सगळ्यांना दार बंद. बॅनटाइम १ तास, बॅनटाइम.इन्क्रिमेंट ट्रू (पुन्हा आला की मुदत वाढते), बॅनटाइम.मॅक्सटाइम १ आठवडा. इग्नोरआयपीत (कधीच बॅन न करायच्या आयपींची यादी) ऑफिसचा आयपी आधी घाला. आणि पुढे सीडीएन (साइटच्या पुढ्यात बसून ट्रॅफिक आधी घेणारी सेवा) बसवलात तर हा फायरवॉल निरुपयोगी: पॅकेट सीडीएनच्या आयपीवरून येतं, बॅन सीडीएनकडे लावावा.