मदत हवी आहे: फिजिओथेरपीनंतर आहार, व्यायाम आणि हृदयावर संशोधन करायचंय
नमस्कार मंडळी,
मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात फिजिओथेरपीची पदवी झाली. घरच्यांचं म्हणणं, क्लिनिक काढ, चार पैसे हातात येतील. मला मात्र संशोधन करून पुढे प्राध्यापकी करायचीय.

हे खूळ डोक्यात भरवलं ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांच्या अभ्यासानं. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, हे त्यांनी १९५३ साली मांडलं. पण आमच्याकडे रोप लावणीला दिवसभर वाकणाऱ्या बायका बघा. कष्टाला तोटा नाही, तरी कितीजणींच्या कनवटीला बीपीच्या गोळ्या! ताटात भाताचा ढीग, कडेला लोणचं नि सुका बांगडा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. इथं मोजतंय कोण? शेतातले कष्ट आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम हृदयाला सारखेच मानवतात का, हे मला तपासायचंय.

आता अडचण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत क्रीडा-पोषणाचं एमएस्सी आहे. नाहीतर हृदय-श्वसन विषय घेऊन एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचीच पदव्युत्तर पदवी. पीएचडीच्या दृष्टीनं कुठली वाट बरी? फिजिओवाल्यांना फेलोशिप कुठं मिळते? हैदराबादला शिकलेलं कुणी असेल तर वसतिगृह, खर्च जरा मोकळेपणानं सांगा. आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरलेलं कुणी आहे का? त्यांच्याशी आधी बोलायचंय. बाबांना पटेल असं एखादं उत्तरही चालेल!