समुद्राच्या पाण्याची घनता ठिकाणागणिक का बदलते?

प्रश्न: गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, समुद्राच्या पाण्यालाही हाच नियम लागू होतो का?

उत्तर १: नाही. किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी उणे १.९ अंशांना गोठेपर्यंत जड होतच जाते. शिवाय बर्फ जमताना क्षार बाहेर टाकले जातात आणि त्यामुळे अधिक खारट झालेले पाणी अंटार्क्टिकाजवळ थेट तळाकडे उतरते; मला ही प्रक्रिया विलक्षण वाटते.

उत्तर २: केवळ थंडीच निर्णायक नसते. भूमध्य समुद्राचे पाणी तुलनेने उबदार असते, तरीही बाष्पीभवनाने अधिक खारट झाल्यामुळे ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडताच अटलांटिकच्या पाण्याखाली उतरते आणि सुमारे १००० मीटर खोलीवर पसरते.

प्रश्नकर्ता: म्हणजे तापमान आणि क्षारता एकत्रच पाहावी लागते. आभारी आहे.