भोसरीतल्या लहान कारखानदाराने चेंबरचे सभासद व्हावे का?

टर्निंगवाला, भोसरी :

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात माझा सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसीचा, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांवर धातूचे भाग घडवण्याचा, लहान कारखाना आहे. मोटारींच्या सुट्या भागांचे काम मुख्यतः चाकणच्या ग्राहकांसाठी चालते. परिसरातील लघुउद्योजकांच्या संघटनेचा मी सभासद आहे. आता एक परिचित उद्योजक मला पुण्यातील सेनापती बापट रस्त्यावरील मराठा चेंबर या उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संस्थेचेही सभासदत्व घ्यायचा आग्रह करीत आहेत. आमचे हिशेब माझी पत्नी पाहते, आणि तिचा प्रश्न सरळ आहे : आधीच्या वर्गणीतून काय मिळाले ते सांगा, मग पुढचा चेक लिहिते.

माझ्यापुढे सध्या दोन अडचणी आहेत. एका मोठ्या ग्राहकाच्या परचेस ऑर्डरवर नव्वद दिवसांची मुदत छापलेली असते, प्रत्यक्षात पैसे त्याहूनही उशिरा येतात, आणि तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती आहे. दुसरी अडचण चांगल्या अर्थाने आली आहे. दुबईच्या एका खरेदीदाराकडून चौकशी आली असून त्यांनी मालाच्या मूळ देशाचे प्रमाणपत्र मागितले आहे. या दोन्ही बाबतींत चेंबरचा खरोखर उपयोग होतो, की सगळा कारभार चहापान, शाल-श्रीफळ आणि फोटो यांच्यापुरताच असतो? अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे.

निर्यातदार, हडपसर :

आधी सोप्या प्रश्नाचे उत्तर देतो. मूळ देशाच्या प्रमाणपत्राचे दोन प्रकार आहेत आणि नवखा निर्यातदार नेमका येथेच अडखळतो. माल भारतात तयार झाला एवढेच सांगणारे साधे प्रमाणपत्र मराठा चेंबरसारख्या प्राधिकृत संस्था देतात. त्यासाठीचा अर्ज आता विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून करावा लागतो. तुमच्या खरेदीदाराला मात्र भारत आणि संयुक्त अरब अमिरातींमधील 1 मे 2022 पासून लागू झालेल्या करारानुसार आयात शुल्कात सवलत घ्यायची असेल, तर त्याला सवलतीचे प्रमाणपत्र लागेल, आणि त्याचे निकष व ते देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. म्हणून खरेदीदाराला पहिल्याच ई-मेलमध्ये विचारा की त्याला यांपैकी कोणते हवे आहे. चुकीचे प्रमाणपत्र घेऊन माल रवाना झाला, तर तिकडच्या बंदरावर शुल्काचा वाद उभा राहतो आणि त्याची वजावट शेवटी तुमच्याच बिलातून होते. आयात-निर्यात संकेतांक अजून काढला नसेल, तर सगळ्यांत आधी तो काढा.

चेंबरमध्ये ही कागदपत्रे रोज हाताळणारी माणसे बसलेली असतात. त्यांच्याशी अर्धा तास बोलून घेतले तर बरेच हेलपाटे वाचतात. माझ्यासारख्या निर्यातदाराची वर्गणी एवढ्यातच वसूल होते. बाकीच्या कार्यक्रमांना मी क्वचितच जातो, कारण हडपसरहून सेनापती बापट रस्त्यावर संध्याकाळी पोहोचणे हाच एक कार्यक्रम असतो.

जे ब्लॉक :

मी थोडे विरोधी मत मांडतो. भोसरीत रस्ता महापालिकेचा, भूखंड एमआयडीसीचा आणि वीज महावितरणची. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोडून मधल्याच वारी वीज गेली, गटार तुंबले, ट्रक वळेना किंवा रात्रपाळीच्या कामगारांना गल्लीत कोणी अडवले, तर शहरातले चेंबर धावून येणार नाही आणि त्याने यावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्यासाठी स्थानिक संघटनाच हवी. कनिष्ठ अभियंत्याला तिचे पदाधिकारी नावाने ओळखतात आणि त्याचा फोन लागतो. मोठ्या चेंबरच्या समित्यांवर मोठ्या कंपन्यांची माणसे बसतात. ज्यांच्याकडे आपले पैसे अडकले आहेत त्यांच्याच शेजारी बसून थकबाकीचा विषय काढायचा, हे मला तरी जमले नसते. माझा सल्ला असा की निर्यात खरोखर सुरू होईपर्यंत थांबावे.

जुना सभासद, एरंडवणे :

जे ब्लॉक यांनी शेवटी काढलेला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो.

अ. रा. भट यांनी 1934 साली मराठा चेंबर स्थापन केले, तेव्हा पुण्यात कारखाने असे फारसे नव्हतेच. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली आली आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, 1962 साली स्थापन झाले. म्हणजे आज आपण ज्याला पुण्याचा औद्योगिक पट्टा म्हणतो, तो चेंबरनंतर दोन-तीन दशकांनी उभा राहिला. अशा संस्थेचे पहिल्यापासूनचे काम सरकारशी लेखी बोलणे हेच आहे. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी असते तेव्हा आकडेवारीसह हरकती दाखल करणे, अर्थसंकल्पापूर्वी निवेदने पाठवणे, चाकणची वाहतूक आणि पुरंदरचे विमानतळ हे विषय पुन्हापुन्हा लावून धरणे, या कामांचे फोटो फारसे छापून येत नाहीत आणि यशही सावकाश येते. पुरंदरचे उदाहरण घ्या. इतकी वर्षे झाली, मागणी जुनी झाली, विमान अजून लोहगावहूनच पकडावे लागते. तरीही मागणी नोंदवणारी संस्था नसती, तर विषय फाइलीतून केव्हाच गळला असता.

आता थकबाकीकडे वळू. तुम्ही एकटे तक्रार केलीत तर ग्राहकाला तुमचे नाव कळते, आणि तुमची भीती रास्तच आहे. चेंबर किंवा संघटना निवेदन देते तेव्हा त्यात ‘आमच्या सभासदांना’ असा उल्लेख असतो आणि कोणाही एकाचे नाव नसते. लहान माणसाला संघटनेचा जो खरा उपयोग आहे, तो माझ्या मते हाच. मात्र निवेदनात ताकद यायची असेल, तर सभासदांनी बिलाची तारीख, माल पोहोचल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख असा तपशील आणून दिला पाहिजे. एरवी ‘पैसे उशिरा मिळतात’ या वाक्याला मंत्रालयात काहीही वजन नसते. समितीत मोठ्या कंपन्यांची माणसे बसतात हे खरे आहे, आणि त्यांच्यासमोर हा तपशील यावा याचसाठी तेथे जायचे असते. खरेदी विभागाचा कनिष्ठ अधिकारी तुम्हाला दाद देत नाही, पण त्याच्या कंपनीचा संचालक भर बैठकीत आपली कंपनी बिले थकवते असे ऐकून घ्यायला तयार नसतो.

रस्ता आणि गटार यांसाठी स्थानिक संघटना सोडू नका. दोन्हींची कामे निराळी आहेत.

भुसार विभाग, मार्केट यार्ड :

हा धागा कारखानदारांचा आहे, तरी व्यापाऱ्याचा अनुभव सांगतो. बाहेरच्यांच्या मनात नेहमी घोळ होतो, म्हणून आधी स्पष्ट करतो की आमचे दि पूना मर्चंट्स चेंबर ही वेगळी संस्था आहे. दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकणारे चेंबर एवढीच आमची ओळख पुणेकरांना असते. त्या लाडवांचा आम्हालाही अभिमान आहे, पण वर्षभर खरी कामे दुसरीच असतात. बाजार समितीशी सेसवरून, म्हणजे बाजार शुल्कावरून, होणारे वाद, हमाल पंचायतीबरोबर हमालीच्या दरांची बोलणी, गाळ्यांसमोरची वाहतूक, हे सगळे एकेकट्या आडत्याने करायचे म्हटले तर रोज मारामारी होईल.

18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हाचे दिवस आठवतात. त्याआधी देशभर बाजार बंद ठेवून विरोध झाला, पण कर काही टळला नाही. मग प्रश्न उरला की नेमके काय करपात्र आणि काय नाही. दहा-दहा किलोच्या दहा पिशव्या एका गोणीत भरल्या तर कर लागतो, आणि तीस किलोची एकच पिशवी असेल तर लागत नाही, हे खुलासा आला तेव्हा लोकांना समजले. तोपर्यंत गाळ्यागाळ्यांत जो तो आपापला अर्थ लावत होता. कोणी तांदळाच्या पिशव्यांवरची लेबले काढायला निघाला होता, तर कोणी छापून आलेल्या पिशव्या परत पाठवत होता. अशा वेळी परिपत्रक वाचून त्याचा अर्थ सगळ्यांना एकसारखा सांगणारे कोणीतरी असावे लागते. बंद यशस्वी झाला की नाही यापेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटते.

जाता जाता एक खंत. 2 जुलै 2021 पासून आम्हा व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, खुली झाली, पण ती केवळ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. विलंबाने मिळणाऱ्या पैशांबाबतचे जे संरक्षण तुम्हा कारखानदारांना कायद्याने आहे, ते आम्हाला नाही. तुमच्या हातात ते असूनही तुम्ही ते वापरत नाही, याचे आश्चर्य वाटते.

लेखापरीक्षक, चिंचवड :

भुसार विभाग यांनी शेवटी जे लिहिले आहे तेच विस्ताराने सांगतो, कारण मूळ प्रश्नातील नव्वद दिवसांचा उल्लेख वाचून राहवले नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 नुसार लेखी करार असला तरी मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. परचेस ऑर्डरवर नव्वद छापल्याने कायद्याची मुदत वाढत नाही. विलंब झाल्यास कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते, आणि खरेदीदाराला त्या व्याजाची वजावट आयकरात मिळत नाही. शिवाय आयकर कायदा, 1961 च्या कलम 43बी मध्ये खंड (एच) आला, तो आकारणी वर्ष 2024-25 पासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. म्हणून अलीकडे मार्च महिन्यात ग्राहकांच्या लेखा विभागातून ‘तुम्ही उद्यममध्ये आहात का, असाल तर कोणत्या वर्गात’ अशी विचारणा होऊ लागली आहे. तसे पत्र आले तर ते बाजूला ठेवू नका, लेखी उत्तर द्या.

1 एप्रिल 2025 पासून व्याख्याही रुंदावली आहे. गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असेल तर उपक्रम सूक्ष्म, आणि पंचवीस कोटी व शंभर कोटींपर्यंत असेल तर लघु. मध्यम वर्गाला विलंबित देयकांचे हे संरक्षण नाही, हे वाढत्या कारखान्यांनी ध्यानात ठेवावे.

थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सुकरता परिषदेकडे दावा दाखल करण्याचा मार्ग तर आहेच, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. पण हा मार्ग लोक बहुधा ग्राहकाशी संबंध तुटल्यावरच धरतात, कारण तेथे नाव उघड होते. संबंध टिकवायचे असतील तर ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर बँकांकडून पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेचा, विचार करा. अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत या व्यवस्थेत नोंदणी करणे बंधनकारक केले होते. खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला थोड्या कपातीने लगेच पैसे मिळतात. पुढे खरेदीदाराने बँकेला चुकते केले नाही, तरी वसुलीसाठी बँक तुमच्याकडे येत नाही. अडचण अशी की कंपनी नोंदणी करून मोकळी होते, पण बिले मान्य करायला बसत नाही. जुना सभासद म्हणतात तसा विषय चेंबरच्या बैठकीत काढायचा असेल, तर तो हाच काढावा. ‘पैसे वेळेवर द्या’ यापेक्षा ‘नोंदणी केली आहे, तर बिले मान्य करा’ ही मागणी नेमकी आहे आणि ती टाळणे अवघड आहे.

टर्निंगवाला, भोसरी :

सर्वांचे आभार. एक शंका राहिली. ग्राहकाच्या गेटवर आमच्या डिलिव्हरी चलनावर ‘माल मिळाला, तपासणी बाकी’ असा शिक्का मारतात आणि जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची त्यांची नोंद, तीन आठवड्यांनी निघतो. मग पंचेचाळीस दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे?

लेखापरीक्षक, चिंचवड :

माल प्रत्यक्ष पोहोचल्याच्या तारखेपासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी आक्षेप घेतला नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे कायदा मानतो. ‘तपासणी बाकी’ हा शिक्का म्हणजे आक्षेप नव्हे, आणि जीआरएन केव्हा निघतो ही त्यांची अंतर्गत बाब आहे. पंधरा दिवसांत रिजेक्शनचे लेखी पत्र आले, तर मात्र त्या आक्षेपाचे निराकरण होईल तो दिवस धरावा लागतो. बहुतेक गेटवरच्या शिक्क्यात तारखेची जागा कोरीच राहते. म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवा की सुरक्षारक्षकाकडून तारीख आणि सही घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. चलनाची ती प्रत बिलाच्या फाइलीत लावा, आणि बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक ठळक छापून घ्या.

जे ब्लॉक :

चाकणच्या गेटवर ड्रायव्हर तारखेसाठी अडून बसला, तर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, हे साहेबांनी एकदा येऊन पाहावे. त्यापेक्षा माल उतरला की त्याच दिवशी स्टोअरला चलन क्रमांकासह ई-मेल टाकणे सोपे पडते. आम्ही तसेच करतो. बाकी ट्रेड्सचा मुद्दा पटला. तो आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी मांडतो, तुम्ही चेंबरमध्ये मांडा.