गरम इंजिन स्टार्टला त्रास देतंय, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर बदलू का? (सोलापूर)

प्रश्न:
जुनी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) पेट्रोल कार, पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी), जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन आहे. सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू. दुपारच्या उन्हात सात रस्त्याला दहा मिनिटं उभी केली की पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग काळा धूर. पेट्रोलच्या दाबाचा गेज आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) 2.5 बार, व्हॅक्यूमची नळी काढली की 3. इंजिन बंद केलं की दोन मिनिटांत शून्य. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. मागवू का?

उत्तर:
थांबा. 2.5 आणि 3 हे आकडे बरोबर आहेत. रेग्युलेटरच्या पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसरीकडे स्प्रिंग आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम. आयडलला मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण अर्धा बार कमी, म्हणून रेलचाही तेवढाच उतरतो. इंजेक्टरच्या आत-बाहेरचा फरक 3 च राहतो, म्हणून तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) नुसत्या उघडण्याच्या वेळेवर पेट्रोल मोजता येतं.

दोष इंजिन बंद झाल्यावरचा आहे, दाब टिकत नाही. आधी व्हॅक्यूमची नळी आतून बघा. ओली असेल तर पडदा फाटलाय, पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातंय.

कोरडी असेल तर इंजिन बंद करताक्षणी रिटर्नची रबरी नळी चिमटा. दाब टिकला तर रेग्युलेटरची सीट गळतेय. नाही टिकला तर पुन्हा चालवून बंद करा आणि पंपाकडची नळीही चिमटा. आता टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), तरीही उतरला तर इंजेक्टर. चालू इंजिनवर रिटर्न अजिबात चिमटू नका, दाब एकदम चढतो. पंपावर माझा संशय कमीच: चेक व्हॉल्व्ह गळला तर पेट्रोल टाकीत परत जातं, काळा धूर येत नाही.

दुसरं उत्तर:
नायलॉनची लाइन चिमटू नका, तडकते. रेल उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल सांडलं तर आग लागते.

प्रश्नकर्ता:
नळी ओली आहे, पेट्रोलचा वास येतोय.

उत्तर:
मग रेग्युलेटरच. 3 बारचाच घ्या, 3.5 चा घातला तर साधारण 8 टक्के जास्त पेट्रोल जाईल. ओ-रिंग नवी, तिला इंजिन ऑइलचा हात लावूनच बसवा, कोरडी चिरते. आणि डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं असेल तर ऑइलही बदला, पातळ ऑइल बेअरिंग खातं.