सही बाईची, बोलणं भाऊंचं

एका दादांनी लिहिलंय की २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायांना ५० टक्के जागा आहेत, आता आणखी काय पाहिजे? दादा, जागा आहेत, पण खुर्ची पाहिलीत का? माझ्या मावशीच्या गावी, नागपूरहून तासाभरावर, ग्रामसभेला गेली होती मी. सरपंच ताई डोक्यावर पदर घेऊन कडेला, मधल्या खुर्चीवर त्यांचे मालक, म्हणजे गावाचे भाऊ. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, सगळे बोलले ते भाऊंशीच. रजिस्टर तेवढं ताईंपुढे सरकवलं. सही केली, पेनाचं टोपण लावलं, झालं.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. मावशीला विचारलं तर म्हणे, "हे काय असते वं?"

अन् बायांनी हक्क मागणं हे नवीन फॅड आहे असं म्हणणाऱ्यांसाठी: १९४२ च्या जुलैत आपल्याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, भाषणाला बाबासाहेब. घटस्फोटाचा हक्क मागितला होता तेव्हा त्या बायांनी. कोणाचे मालक खुर्चीवर नव्हते बसले तिथं.

पुढच्या ग्रामसभेला मावशीला घेऊन जाणार आहे. महिला सभेचं रजिस्टर दाखवा म्हणणार. बघू कोण काढतं ते.