तुमच्या आजीचं खरं वय किती होतं?

मागच्या पावसाळ्यात आजी गेली. त्या दुपारी फॉर्म भरायला बसलो आणि 'वय' या रकान्याशी अडलो. थोरले काका म्हणाले ९४. आत्या म्हणाली, छे, ९७ च्या खाली नाहीच. आधारवर १ जानेवारी १९३० होतं, पण ती तारीख नोंदणीच्या वेळी अंदाजाने टाकलेली. आजी स्वतः विचारलं की एकच सांगायची, "पानशेत फुटलं तेव्हा तुझा काका सातवीत होता, लाव हिशेब."

तो हिशेब आम्ही तिच्या अंगावर पांढरी चादर असताना लावला. १२ जुलै १९६१. शनिवार पेठेतल्या घरात पाणी शिरायच्या आत ती चार पोरं, सासूबाई आणि का कोण जाणे, दगडी पाटा एवढं घेऊन पर्वतीवर चढली होती. काका सातवीत, म्हणजे जन्म १९४८ चा. लग्नात ती तेराची, काका झाले तेव्हा अठराची. म्हणजे ९४, काका जिंकले. तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "दादाच्या आधीची दोन धरली का?"

कुठली दोन? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दोन मुलगे, एक सव्वा महिन्याचा होऊन गेला, एक जन्मतःच. ती धरल्यावर वय तीन वर्षांनी वाढलं.

तुमच्याकडे कशावरून मोजलं? लिहा, लांबलं तरी चालेल.

*

आमच्याकडे आजीचं सहस्रचंद्रदर्शन दोनदा झालं. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, पण मोजायला सुरुवात कुठून करायची? बाबांच्या हिशेबाने ती पूर्ण झाली होती, काकांच्या हिशेबाने तीन वर्षं बाकी होती. दोघांचं तसंही पटत नव्हतं. बाबांनी आपलं केलं, तीन वर्षांनी काकांनी आपलं केलं. आजी दोन्हीकडे शांतपणे पाटावर बसली. कुणीतरी खवचटपणे विचारलं की आता किती चंद्र झाले, तर म्हणाली, "मोजले कोणी? पण दुसऱ्या वेळचं लुगडं बरं होतं."

*

आम्ही धाराशिवकडचे. आमच्या मायचं (आजीला माय म्हणायचो) वय सालावर नव्हतं, वक्तावर होतं. रझाकाराच्या वक्ताला, दुष्काळाच्या वक्ताला, भुईकंपाच्या वक्ताला.

रझाकाराच्या वक्ताला ती नवी नवरी होती. गावातली बरीच घरं रातोरात निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं गेली, त्यात तीही. सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झालं आणि माणसं परतली, तेव्हा थोरले चुलते तिच्या पोटात होते. "तुमचा चुलता सोराज्यातला हाय," असं ती त्यांच्या तोंडावर सांगायची. जणू काही त्यांनीच ते आणलं.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मात्र ती फार बोलायची. खडी फोडायला जायची. पाझर तलावाचं काम होतं, त्या तलावावर आम्ही पोहायला शिकलो. रेशनला लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला ती 'अमेरिकेची भाकर' म्हणायची आणि तोंड वाकडं करायची. कामावर सुकडी वाटायचे, ती पदराला बांधून घरी आणायची. एकदा मी विचारलं, तू काय खायचीस? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणजे ऐकू आलं, पण कळला नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून आलेली माणसं नुकती निजली होती. आमचं गाव लांब, तरी दगडामातीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. वर माळवद, त्यावर हातभर माती. माय तेव्हा साठीच्या पुढं. त्या दिवसापासून ती माळवदाखाली निजली नाही. पावसाळ्यात शेळ्यांच्या छपरात निजायची. शेवटी वडलांनी पत्र्याची खोली बांधली, उन्हाळ्यात भट्टी व्हायची ती, पण माय तिथंच. पुढं पोरांनी स्लॅबचं घर बांधलं, वास्तूला ती आत आली, जेवली आणि परत पत्र्याखाली जाऊन बसली. गेली तीही तिथंच.

वय? एकदा डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "लई झालं." त्यांनी ९० लिहिलं.

*

सरकारी हिशेबाने आमची आजी ९१ व्या वर्षी गेली, घरच्या हिशेबाने १०० व्या. ही नऊ वर्षं कुठे गेली ते सांगतो.

आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे तिला फॅमिली पेन्शन. ८० नंतर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की मूळ पेन्शनइतकीच आणखी. फक्त वयाचा पुरावा लागतो. ती शाळेतच गेली नाही, तर दाखला कुठला? शेवटी मतदार ओळखपत्र लावलं. त्यावरचं वय कधीकाळी दारात आलेल्या कुणीतरी तिच्याकडे बघून लिहिलेलं. बाई काटक, केस काळे, त्याने नऊ वर्षं कमी लिहिली. "मला तरुण ठेवलं मेल्यांनी," म्हणून ती हसायची, पण ५० टक्के काही तिच्या हाती आले नाहीत. मला अजूनही राग येतो.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला हा वेगळाच सोहळा. मशीनवर बोट उमटायचं नाही. सत्तर वर्षं राखेने भांडी घासलेली बोटं ती. समोरचा मुलगा म्हणायचा, आजी, जोरात दाबा. ती म्हणायची, "अरे समोर बसलेय ना जिवंत, दिसत नाही का?"

*

आम्ही मालवणकडचे. आजी लग्न होऊन आगबोटीने मुंबईत आली आणि वर्षभरात १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला धमाका. चार वाजून गेले होते. माझगावातल्या चाळीच्या काचा आत आल्या. सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. ती नऊ महिन्यांची पोटुशी, जिना उतरली आणि रस्त्यावरच कळा सुरू झाल्या. आत्या त्याच रात्री झाली.

त्यामुळे घरात एकट्या आत्याची जन्मतारीख पक्की. नातवंडांनी आजीचा वाढदिवस करायचा हट्ट धरला तेव्हा ती म्हणाली, "माजो पण तोच धर." मग दर १४ एप्रिलला एकाच केकवर दोन नावं. आत्याला ते कधीच आवडलं नाही.

*

सगळ्यांच्या आज्या गोड दिसतात. आमची नव्हती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, साखर मोजून काढणार, आईला तीस वर्षं छळलं. वयाचा विषय निघाला की तर अंगावर यायची. ती गेल्यावर तिच्या माहेरच्या एका म्हातारीकडून कळलं, ती आजोबांपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. लग्न जुळताना ते लपवलं होतं आणि मग जन्मभर लपवत राहिली. आई हे ऐकून खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

*

माझी आजी अजून आहे, तरी लिहितो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हा आम्हीही तहसीलला कोतवाल बुकं बघत होतो. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, सगळं मोडीत. मोडी वाचणारे काका बोट फिरवत चालले होते. पणजोबांच्या नोंदी शोधता शोधता आजीच्या माहेरचं गाव लागलं. १९२६ साल. तिच्या वडलांचं नाव, जात, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. नाव नाही. तिच्या वडलांना मुलगी एकच, त्यामुळे शंका नव्हती.

फोटो काढला, प्रिंट मोठी करून घरी नेली. आजीला आता फार दिसत नाही. तिने कागद मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवला.

"काय लिवलंय?"

वडलांचं नाव वाचून दाखवलं. तिने डोक्यावर पदर घेतला. मग 'मुलगी' वाचलं. नाव का नाही, हे तिने विचारलं नाही.

"येळ लिवलीय का रं? आई म्हनायची दिवं लागायच्या टायमाला झालीस."

कागदावर वेळेचा रकानाच नव्हता.

"हाय," मी म्हटलं. "दिवेलागण."